झिपरूआबांची काठी

मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. मधे कुणी काही विचारायचं नाही.

सन २०२२. सप्टेंबरचा तिसरा रविवार, भाद्रपदाचा वद्य पक्ष. पाऊस सरत आलेला, कपाशी कमरेला लागलेली. जळगावात पिंप्राळ्याला धम्मपाल राहतो, माझ्या ओळखीचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान आहे त्याचं. माणूस सरळ. भूतखेत, अंगात येणं, उतारे, यातलं काही त्याच्या घरात चालत नाही. बापानं चालू दिलं नाही, यानंही नाही.

त्या रविवारी चाळीसगावच्या बहिणीला शिलाई मशीन पोचवायचं होतं. दुकानाच्या जुन्या ओमनीत मशीन चढवलं, तशी बायको वृषाली आणि नऊ वर्षांची सपना दोघीही चढल्या. मशीन सकाळीच पोचलं. दिवस हातात होता. सपना म्हणाली, पप्पा, डोंगर जवळ दिसतोय.

चाळीसगावच्या खाली सातमाळ्याची रांग आहे, त्यातला एक डोंगर. नाव सांगत नाही. उद्याच बघायला निघाल.

पायथ्याला ओढा, ओढ्यापलीकडं अंजनाचं एक झाड आणि झाडाजवळ नर्मदाबाई नावाच्या म्हातारीची चहाची टपरी. खोडाला दहा-बारा काठ्या टेकवलेल्या. त्या गावात म्हातारं माणूस गेलं की त्याची काठी जाळत नाहीत. या झाडाला आणून लावतात. डोंगर चढणाऱ्यानं ती घ्यावी आणि उतरल्यावर परत जागेवर ठेवावी. सपनानं खाली लोखंडी टोपण असलेली एक गुळगुळीत काठी उचलली. ती नर्मदाबाईच्या नवऱ्याची होती. झिपरूआबांची.

म्हातारी इतकंच म्हणाली, "लई जा, बेटा. पन ज्याले वर लई जाशात, त्याले खाले बी लई येज्यात."

वर न्याल त्याला खालीही घेऊन या, असं. धम्मपाल हसला. म्हातारी हसली नाही.

तो दिवस फार चांगला गेला, हे ध्यानात ठेवा. सहा दिवस दुकानात घालवणारा माणूस आपली मुलगी बहुतेक झोपलेलीच बघतो. त्या दिवशी त्यानं तिला वानरासारखी चढताना बघितलं. उभी चढण आली की तो पुढं जायचा, काठीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं सपनाच्या, आणि तो तिला वर ओढून घ्यायचा. वृषाली मागून तेरड्याची फुलं तोडून मुलीच्या वेणीत खोचायची. घरी नळाचं पाणी न् शाळेची फी यावाचून जिचं बोलणं नाही, ती बाई वारा लागल्यावर मोठ्यानं गाणं म्हणायला लागली. धम्मपालनं तिचा गाण्याचा आवाज लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला, असं तो म्हणतो.

माथ्यावर दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथं बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. सपनानं भाकरीचे चार वाटे केले. चौथा कुणाचा, वृषालीनं विचारलं. काठीवाल्या आबांचा, ती म्हणाली. तिघंही हसले. उन्हं कलली तसे उतरले. उतरताना सपनाची निळी पाण्याची बाटली टाक्यावरच राहिली. पायथ्याशी आल्यावर आठवण झाली, तर धम्मपाल म्हणाला, पुढच्या खेपेला आणू. टपरी बंद होती. भुरभुर सुरू झाली म्हणून पळत ओढा ओलांडला, गाडीत बसले.

पाचोऱ्याला चहासाठी थांबले तेव्हा मागच्या सीटवर काठी दिसली.

वृषाली म्हणाली, अहो, गाडी वळवा. तो म्हणाला, एका लाकडासाठी पन्नास किलोमीटर मागं जायचं? पुढच्या रविवारी ठेवून येऊ.

तिथं चुकला.

काठी घरात दाराआड ठेवली. सोमवारी रात्री जिन्यात आवाज आला. ठक... ठक... लोखंडी टोपणाचा. कुणीतरी पायरी पायरी चढतंय असा. भाडेकरू असेल म्हणून तो कुशीवर वळला. वळल्यावर आठवलं, वरचा मजला रिकामा आहे.

मंगळवारी पुन्हा. जिना पंधरा पायऱ्यांचा. आवाज चढतच राहिला. तासभर... नुसता चढत. उतरला एकदाही नाही.

बुधवारी सकाळी सपनाला उभं राहता येईना. पोटऱ्या सुजून दगड झालेल्या. कुठं गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, आबांबरोबर डोंगरावर. त्यांना उतरायची वाट सापडत नाही. डॉक्टरनं अशक्तपणा सांगितला, गोळ्या दिल्या. शुक्रवारी पोरीनं अन्न सोडलं. वृषाली काठीकडं बघायची आणि नवऱ्याकडं बघायची. धम्मपाल तोंड फिरवून दुकानाला निघायचा. कबूल करायचं म्हणजे बापाला खोटं पाडायचं.

शनिवार, २४ तारीख. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. रात्रीचे पावणेदोन.

धम्मपालला जाग आली. आवाज नव्हता. म्हणूनच जाग आली.

सपनाची गादी रिकामी. दाराआड काठी नाही.

तो जिना चढला. गच्चीचं दार उघडं. कठडा गुडघ्याएवढाच. कठड्यावर सपना उभी... अनवाणी. काठीचं एक टोक तिच्या दोन्ही हातांत. दुसरं टोक पुढं. कठड्याच्या पलीकडं. हवेत. वर उचललेलं...

आणि काठी ताणलेली. उभ्या चढणीला तो तिला ओढायचा, तशी.

तिनं एक पाय उचलला.

त्यानं तिला कमरेला मिठी मारली. ओढलं. काठी सुटेना. पलीकडून... ओढ होती. चिडकी नव्हती. थकलेल्या माणसाची असते तशी.

धम्मपालच्या तोंडून आजीची भाषा आली. "आबा, चूक मन्ही शे. पोरले सोडा. मी तुमले खाले लई जासू."

काठी सैल पडली.

त्याच पावली तिघं निघाले. सपना काठी सोडेना, म्हणून तिघं. पहाटे ओढ्याशी पोचले. ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडं ठेवली. पुढचं टोक धम्मपालनं धरलं. मधे सपनानं. बाजूला वृषाली, हातात मोबाइलची बॅटरी. मागचं टोक मोकळं.

मोकळं होतं, पण जड होतं.

पाण्यात तिघांची पावलं वाजत होती. तिघांची... आणि मागं एक. धम्मपालनं मागं बघितलं नाही. त्यानं वृषालीलाही बघू दिलं नाही.

अंजनाच्या झाडाला त्यानं काठी टेकवली. ओझं गेलं. सपनानं हात सोडला, आईच्या खांद्यावर मान टाकली आणि भाकरी मागितली. दोन दिवसांनी.

टपरीत दिवा लागला. नर्मदाबाई बाहेर आली. आधी काठीकडं बघितलं, मग यांच्याकडं. धम्मपालनं हात जोडले. तेवढ्यात उजेडात खोडापाशी काहीतरी निळं दिसलं. सपनाची बाटली. त्यानं विचारलं, ही कुणी आणून ठेवली?

"काल दिन मावळता झाडलं मी आठे, झाडखाले. काहीच नव्हतं," म्हातारी म्हणाली. "आनि त्या ऐतवारपासून वर कोनी गयं नही."

त्यानं बाटली उचलली. टाक्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. गार.

पोरीनं ती तिथंच सगळी प्यायली.