दोराचे बेचाळीस तुकडे

ठेव तो दोर खाली. हो, तुलाच म्हणतोय. गाडीवर सामान बांधायला हवंय तर कोपऱ्यात सुतळीचा गुंडा पडलाय, तो घे. मी कापायला बाजूला काढलेल्या दोराला हात लावायचा नाही. नव्यासारखा दिसतोय, कळतंय मला. माझे डोळे शाबूत आहेत, दगा देतो तो हात. बस तिथे. आणि तू, तो कंदील लाव बाबा, माझ्या या हाताला काडी धरवत नाही. वीज काही सकाळशिवाय यायची नाही. वादळानं दहा ठिकाणी झाडं आडवी केलीत, पहाटे पाचला निघायचंय, आणि तुम्हाला झोप येणार नाही हे मला ठाऊक आहे. चांगल्या दोराचे तुकडे का करता काका, असं विचारलंस ना? मग ऐक.

माझ्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे. घडलेली. पटली नाही तर सोडून द्या, पण मधे फिदीफिदी हसायचं नाही.

त्याला सगळे खार म्हणायचे. तो झाडावर चढायला लागला की बघणाऱ्याची मान दुखायची, पण त्याचे पाय काही दुखायचे नाहीत. खाली असायचा त्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी वर का चढत नसे त्याला कारण होतं, ते पुढे येईल. दोघांना हे काम शिकवलं मास्तरनं. शाळेतला मास्तर नव्हे, झाडांवरचा. त्याचा आवाज कधी चढला नाही, पण तो "थांब" म्हणाला की माणूस होता तिथे थांबायचा.

मास्तरचे नियम तुम्हाला पाठ आहेत, कारण ते तुम्हाला मीच शिकवलेत. चढण्याआधी दोर हातातून काढायचा. डोळे मिटून, अख्खा चाळीस मीटर, बोटांनी चाचपत. ज्याचा जीव दोराला, त्यानंच तो तपासायचा. फांदी कापण्याआधी वरच्यानं विचारायचं, "खाली?" खालच्यानं चारी बाजूंना बघून सांगायचं, "मोकळं!" त्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आवाज पोचत नसेल तर दोराला हिसके द्यायचे. दोन हिसके म्हणजे सगळं सोडून खाली ये. आणि मास्तरची स्वतःची एक खोड होती. दोराची टोकं उसवू नयेत म्हणून आपण टेप लावतो, तो निळ्या मेणदोऱ्यानं बांधायचा. सतरा वेढे, आणि गाठ अशी आत दडवलेली की शोधून सापडायची नाही. एका टोकाला दहा मिनिटं लागायची. दुसऱ्या कुणाला ते कधी जमलं नाही.

असा माणूस एका सकाळी पडला. पायाखालची फांदी आतून कुजकी निघाली. वीस फूट खाली आला, दोरानं झेलला, दोर तुटला नाही. पण झोक्यानं खोडावर आपटला तो... जाऊ दे. संपलं तिथेच.

आता एवढा हिसका खाल्लेला दोर वरून कितीही ठणठणीत दिसो, आतले धागे तुटलेले असू शकतात. म्हणून तो त्याच दिवशी कापायचा. दोन दोन हात लांबीचे तुकडे करायचे, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्याला लटकणार नाही. ते काम दाजीनं अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कापला. जाळूनही टाकला."

खारीला ते पटेना. नायलॉन जळलं की त्याचा घाण वास दोन दिवस कपड्यांना येत राहतो. दाजीच्या अंगाला वास नव्हता. त्यानं बहिणीला विचारलं, "ताई, दाजींनी मागच्या अंगणात काही जाळलं का गं?"

ताई म्हणाली, "नाही रे. का?"

"काही नाही," म्हणाला. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग दाजीनं हात लावलेली प्रत्येक वस्तू तो पुन्हा बघायला लागला. दाजीनं पट्ट्याची कडी घट्ट केली की हा ती उघडून परत लावायचा. दाजीनं मशीनमध्ये पेट्रोल भरलं की हा झाकण काढून हुंगायचा. दाजी "मोकळं!" म्हणाला तरी हा स्वतः वाकून बघायचा. दाजीला ते दिसत होतं, आणि लागतही होतं. दोघं बोलत काहीच नव्हते. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात असतो आपल्यात, आणि दोघांच्या मधे संशय बसला होता. असे सात महिने काढले त्यांनी.

मग ती रात्र आली. गुरुवार होता, नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, असंच वादळ नुकतंच ओसरलं होतं. फोन आला. एका घरावर झाडाची मोठी फांदी अर्धवट मोडून लोंबतेय, खाली पत्र्याची खोली, खोलीत खाटेवर अंथरुणाला खिळलेले म्हातारबुवा. रात्रीचं चढायचं नाही हा नियम. पण म्हाताऱ्याचा मुलगा फोनवर रडत होता. दाजीनं अंधारातच सामानाच्या खोलीतून पिशव्या उचलल्या आणि गाडी काढली.

पावणेदहाला पोचले. घरातली माणसं पावसात उभी होती. खारीनं दोराची पिशवी उघडली, टोक हातात घेतलं, डोळे मिटले. चार हात दोर सरकला असेल नसेल, दाजी म्हणाला, "दुपारीच तपासलाय मी. वेळ घालवू नकोस."

"मी बघतो ना एकदा."

"माझ्यावर एवढाही विश्वास उरला नाही का रे? लोकांसमोर?"

लोक बघत होते. बहिणीचा नवरा. खारीनं दोर खाली ठेवला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, त्या रात्री ती त्याहून वाईट निघाली. सात महिने सगळं दोनदा तपासणाऱ्या माणसानं, नेमका तोच दोर तपासला नाही.

चढला. वरच्या बेचक्यातून दोर घेतला, कमरेच्या पट्ट्याला बांधला, मोडक्या फांदीकडे सरकला. कपाळावरच्या दिव्याएवढाच उजेड. बाकी सगळा काळोख, आणि पानांवरून टपटपणारं पाणी.

"खाली?"

"मोकळं!"

पहिला तुकडा पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला फांदीच्या टोकाकडे जावं लागणार होतं. म्हणजे पायाखाली काही नाही, सगळा भार दोरावर. त्यानं अंगाचं वजन मागे टाकलं. दोर ताणला.

"खाली?"

"मोकळं!"

त्यानं मशीन सुरू करायला हात नेला.

"थांब."

खालून नाही. वरून... कानाच्या अगदी जवळून. ओरडून नाही. साधं.

खार थांबला. पाणी टपटपत होतं. वर बघायचं धाडस होईना. मग वाटलं, दाजीच असेल. दाजीच काहीतरी करतोय.

"दाजी, तुम्ही बोललात?"

"मोकळं म्हणालो! काप की!"

तेवढ्यात दोराला हिसका बसला.

एक.

दोन.

खालून कुणी ओढलं तर दोर कसा हलतो, ते त्याला ठाऊक होतं. हा वरून हलला. बेचक्यातून. जिथे कुणी नव्हतं.

खालून फक्त त्याचा दिवा दिसत होता. तो दिवा वर वळला. वरच राहिला. बराच वेळ. खालून हाक गेली, "काय रे? काय झालं?" मग दिवा खाली आला, त्याच्या स्वतःच्या पोटाजवळ. जिथे दोराची गाठ होती.

दोराच्या टोकावर काळी टेप होती. पाण्यानं ती सुटली होती. टेपच्या खाली... निळा दोरा.

सतरा वेढे.

त्यानं मशीन बंदच ठेवलं. दुसरा छोटा पट्टा खोडाभोवती टाकला, दोरावरचं वजन काढलं. दोर सोडला. झाडाला मिठी मारून, वीत वीत खाली आला. साल लागून दोन्ही हात सोलले. खाली आल्यावर म्हणाला, "दोर कुणाचा आहे हा?"

दाजीनं वर, झाडावरच्या दोराकडे पाहिलं.

"कुणाचा आहे, दाजी?"

...

म्हातारबुवांना खाटेसकट शेजारच्या घरी नेलं. ते आधीच करायला हवं होतं, तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोर झाडावरच सोडला. खार पावसात चालत घरी गेला, गाडीत बसला नाही. तेव्हा साडेदहा वाजले होते.

पहाटे साडेपाचला दाजी परत तिथे गेला. खार आधीच येऊन उभा होता. झाडावर दोर नव्हता. बुंध्याशी तुकडे होते, ओळीनं लावलेले. दोन दोन हात लांबीचे, बेचाळीस. एका तुकड्याचं वरचं कवच उभं चिरलं होतं, मास्तर शिकवताना चिरून दाखवायचा तसं. आतले धागे सगळे तुटलेले. आणखी एक धक्का, आणि...

काय म्हणालास? मोठ्यानं बोल. दाजी हरामखोर होता? लोभी होता?

बोल, बोल. बरोबर बोललास. फक्त लोभी नको म्हणू. त्यानं दोर विकायला ठेवला नव्हता. कात्री घेऊन बसला होता तो त्या दिवशी, रात्री दोनपर्यंत. हात उचलेना. ज्या माणसानं बोट धरून सगळं शिकवलं, त्याच्या हातातलं शेवटचं तेवढंच उरलं होतं. मग टोकावर काळी टेप गुंडाळली, कुणी ओळखू नये म्हणून, आणि पिशवी खुंटीला टांगली. शेजारच्या खुंटीला नवा दोर, तशाच पिशवीत. दुपारी तपासला तो नवा. रात्री अंधारात उचलला तो हा. खोटं फक्त एकदाच बोलला होता तो, सात महिन्यांपूर्वी. तेवढं पुरलं.

मला कसं ठाऊक म्हणता? तुमच्या काकूला एक धाकटा भाऊ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नाही ना. कसं असणार? अकरा वर्षं झाली, त्यानं आमचा उंबरा ओलांडलेला नाही. ती जाते त्याच्याकडे. एकटी. येताना डोळे पुसत येते, आणि मी विचारत नाही.

त्या पहाटे तो मला म्हणाला, "दाजी, नाटक कशाला? रात्रभर बसून तुम्हीच कापलात ना?" मी वाकलो, एक तुकडा उचलून त्याच्यासमोर धरला. प्रत्येक टोकाला निळा दोरा होता. बेचाळीस तुकडे, चौऱ्याऐंशी टोकं, एकेकाला दहा मिनिटं. हिशेब तुम्ही करा. आणि मग मी हा हात वर केला. हाच. फांद्यांचा भुगा करायच्या यंत्रानं त्या रात्रीच्या चार वर्षं आधी अंगठा नेला माझा, म्हणून तर मी खाली असायचो. काडी धरवत नाही या हाताला, मेणदोऱ्याचा वेढा काय आवळणार?

त्यानं वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नसेल तुम्ही केलं. पण कापायचा तुम्ही होता."

आणि गेला.

चला. कंदील मधे घ्या आणि आपापला दोर काढा. डोळे मिटून, टोकापासून टोकापर्यंत. पहाटे मी म्हणालो ना, की मी तपासलाय, तरी माझं ऐकायचं नाही. मग कुणाला राग आला तर येऊ दे.

बाकीचे तुकडे मी जाळले, तेव्हा मात्र वास आला. एक ठेवलाय. तो बघ, दारामागच्या खिळ्याला. घे, बघ हातात घेऊन. वेढे मोज हवे तर. पण गाठ शोधत बसू नकोस. अकरा वर्षं मी शोधतोय.