बांगड्यांच्या शेजारची कुपी

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या प्रयोगशाळेची वीज गेली, जनरेटरनंही हात टेकले, आणि अ‍ॅनालिन बर्फाचा डबा उराशी कवटाळून शेजारच्या मत्स्यविभागात घुसली ती थेट तिथल्या रोदेलवर आदळली!

"अहो, तुमचा फ्रीजर चालू आहे ना?"

"चालू आहे… पण बांगड्यांनी गच्च भरलाय. काय आणलंय एवढं जपून?"

तिनं काचेची कुपी दाखवली. त्यानं डोळे बारीक केले. "यात तर काहीच नाही!"

"नीट बघा ना. तळाशी पांढरी साय दिसते? ते पेप्टाइड, प्रथिनाचा इवलासा तुकडा. समुद्रातल्या शंखाच्या विषातलं. माणसाच्या वेदना थांबवेल कदाचित. एवढंच उरलंय… हे बिघडलं तर माझं संशोधन संपलं."

रोदेल बांगडे बाहेर काढू लागला.

"अहो, आणि यांचं काय?"

"तळून खाणार. तुम्हीही या."

आठवड्याभरात तिच्याकडची वीज आली, जनरेटरही दुरुस्त झाला. कुपी तेवढी न्यायची होती; मग विरघळवायचं सगळं सामान बरोबर कशाला घेतलं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. रोदेलनं कुपी काढली आणि कौतुकानं झाकण पिळायला लागला.

"उघडू नकोस!" तिनं त्याचा हात घट्ट धरला. घाबरून तोंडून 'तू' निघून गेलं होतं. "गार कुपीत दमट हवा शिरली की आत दव धरतं. सगळी पावडर वाया जाईल. आधी खोलीइतकी कोमट होऊ दे."

"म्हणजे नुसतं थांबायचं?"

"घाई आहे?"

"छे… मुळीच नाही."

हात सोडायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

कुपी कोमट झाल्यावर तिनं आत थेंब थेंब पाणी सोडलं. न हलवता, अलगद फिरवलं. पांढरी साय बघता बघता नाहीशी झाली.

"गेलं कुठं?" तो कुजबुजला.

"इथंच आहे."

एवढ्याशा शंखाच्या पोटात माणसाच्या दुखण्यावरचा उतारा असावा… या विचारानं दरवेळी तिच्या अंगावर काटा यायचा. आज तो त्याच्या हातावरही उभा राहिलेला तिनं पाहिला, आणि तिथंच ती त्याच्या प्रेमात पडली.

मग ती ते इवल्या इवल्या नळ्यांत भरू लागली.

"इतके भाग कशाला?"

"एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. लागेल तेव्हा एकच नळी काढायची."

"आणि आता… तुझ्या फ्रीजरमध्ये नेणार?" त्याचा आवाज पडला.

अ‍ॅनालिननं त्याचाच फ्रीजर उघडला आणि नळ्या बांगड्यांशेजारी ठेवल्या. "फ्रीजर तिकडचाही चांगला आहे रे. पण माणूस इथला आवडलाय. दर नळीला यावं लागेल मला… चालेल?"

रोदेलनं बोटानं नळ्या मोजल्या.

"अ‍ॅनालिन… अजून बारीक भाग नाही का गं होणार?"