खोलीत कोणी नसताना

नाशिकच्या ओळखतंत्र प्रयोगशाळेत त्या दुपारी एका कुलपाची फजिती झाली. ऋजुता पोफळेने दीड वर्ष खपून ते बनवलं होतं. चेहरा, आवाज आणि डोळ्यांची हालचाल, तिन्ही जुळल्याशिवाय ते उघडत नसे. तिच्याच हाताखालच्या एका मुलीने तिच्या डोहाळजेवणाच्या व्हिडिओवरून तिची बोलती प्रतिमा तयार केली आणि फोन कुलपासमोर धरला.

"अगं उघड ना लवकर, पाय दुखतायत माझे," प्रतिमा म्हणाली. अगदी ऋजुताच्या कुरकुरत्या सुरात.

कुलूप उघडलं. सगळे हसले. सातवा महिना संपत आलेली ऋजुता मात्र खुर्चीत बसून राहिली.

हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. महिनाभरापूर्वीच एका शहरात कोणीतरी असाच चेहरा आणि असाच आवाज वापरून पाळणाघरातून एक मूल नेलं होतं. मूल चार तासांत सापडलं, बसस्टँडवर, बिस्किट खात. पण त्या दिवसापासून पाळणाघरात मूल ठेवणारी प्रत्येक बाई दिवसातून दहा वेळा फोन करून मूल जागेवर आहे ना ते विचारत होती. पाळणाघरांच्या फाटकासाठी खात्रीचं कुलूप तयार करण्याचं काम म्हणूनच प्रयोगशाळेकडे आलं होतं.

डॉ. इनामदार हे बालमेंदूतज्ज्ञ. कुलपांशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांची खोली शेजारी होती आणि डबा ते ऋजुताच्या टेबलावर खात. त्या दिवशी तिने त्यांना विचारलं, "सर, आपण यंत्राला आई ओळखायला शिकवतोय आणि चोर यंत्रालाच फसवायला शिकतोय. तान्ह्या मुलाला आई कशी कळते?"

इनामदारांनी डब्याचं झाकण उलटं ठेवून त्यावर बोटाने रेघा ओढत समजावलं. भरवशाचं माणूस जवळ आलं की मुलाचे ठोके मंदावतात, श्वास लांबतो, तळपायाचा ओलावा कमी होतो. हे सगळं दहा-बारा सेकंदांत घडतं आणि प्रत्येक मुलात त्याचं प्रमाण वेगळं असतं. मुलाला ते लपवता येत नाही, आणि कोणाला शिकवूनही येत नाही.

"म्हणजे किल्ली मुलाच्या अंगातच आहे," ऋजुता म्हणाली. "ती चोरायची तर त्याचा भरवसाच चोरावा लागेल."

"एक लक्षात घे. मुलाला आई कळत नाही. शांत कोणापाशी व्हायचं ते कळतं. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतं, इतकंच."

"बहुतेक वेळा म्हणजे?"

इनामदार म्हणाले की तो प्रश्न त्यांच्या शाखेचा, तिने कुलपाचं बघावं. आणि तिने कुलपाचंच बघितलं. शांत होण्याबद्दलचं त्यांचं ते वाक्य वहीत लिहून ठेवायला हवं होतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

त्यातून वाळाकुलूप तयार झालं. मुलाच्या पायात चांदीचा वाळा, वाळ्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक. न्यायला आलेल्या माणसाने फाटकाच्या आतल्या बाकावर मुलाला घेऊन बारा सेकंद बसायचं. मूल वाढतं तसा त्याचा प्रतिसाद बदलतो, म्हणून मापही दर आठवड्याला नव्याने ठरे. त्या आठवड्यात मूल जितकं गाढ शांत झालं असेल ते शंभर धरायचं. ऐंशीच्या वर जो नेईल त्याच्यासाठी फाटक उघडायचं. नकार आला तर महिला पोलीस येऊन कागदपत्रं बघणार आणि सहीनिशी मूल देणार. लागोपाठ तीन दिवस नकार आले तर बालरक्षण कार्यालयाची चौकशी होईपर्यंत मूल कोणाच्याच ताब्यात द्यायचं नाही. हा शेवटचा नियम ऋजुताने स्वतः लिहिला होता. फाटकाला दुसरी किल्ली ठेवायलाही तिनेच विरोध केला. चांगल्यासाठी ठेवलेली चोरवाट चोरालाच आधी सापडते, असं तिने भर बैठकीत सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

रेवा झाली. रेवाचे बाबा हर्षद मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. चौथ्या महिन्यात ऋजुता कामावर परतली आणि रेवा नलूकाकूंच्या पाळणाघरात जायला लागली. नऊ मुलं, नलूकाकू आणि त्यांची एक मदतनीस. ऋजुताने जाळीच्या खिडक्या बघितल्या, पाण्याची टाकी उघडून बघितली, कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. नलूकाकू सगळं बघू देत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रेवाची आई, डब्यातल्या वरणाचा पण पासवर्ड टाकून ठेवू का?"

सगळं दहा महिने नीट चाललं. रेवा चौदा महिन्यांची असताना, एका मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, ऋजुता बाकावर बसली आणि फाटकाने अठ्ठ्याहत्तर दाखवले.

पुन्हा बसून बघितलं. अठ्ठ्याहत्तर. इतर आया आपापली मुलं घेऊन निघून जात होत्या, जाताना बघत होत्या. पोलीसबाई आल्या, त्यांनी आधारकार्ड बघितलं, जन्मदाखला बघितला, मग रेवाकडे आणि ऋजुताकडे आळीपाळीने बघितलं. "होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या. असं कधीच होत नव्हतं. राज्यभरात तीन हजार पाळणाघरांत हे कुलूप होतं आणि खऱ्या आईला एकदाही नकार मिळाला नव्हता.

बुधवारी सकाळी कामावर पोचताच तिने रेवाच्या वाळ्याच्या सगळ्या नोंदी उघडल्या. रेवा रोज दोनदा, अकराच्या आणि तीनच्या सुमारास, अतिशय गाढ शांत होत होती. गेले काही महिने हा आकडा चढतच गेला होता आणि माप त्याच्यावरच ठरत होतं. पण पाळणाघरातल्या मोठ्या माणसांच्या गळ्यातली ओळखपट्टी खोलीतली हजेरी लावते, आणि त्या वेळांपुढे हजेरीचा रकाना रिकामा होता. खोलीत कोणी नसतानाच रेवा सगळ्यात जास्त शांत होती.

कुठल्याही सुरक्षातज्ज्ञाने काढला असता तोच निष्कर्ष तिने काढला. कोणीतरी वाळ्यात खोट्या नोंदी घालतंय. माप मुद्दाम इतकं वर नेतंय की आई नापास व्हावी आणि उद्या दुसरंच कोणीतरी पास व्हावं. वाळा काढायची-घालायची मुभा पाळणाघरात एकट्या नलूकाकूंनाच होती. तिने जेवणाआधी बालरक्षण कार्यालयाला पत्र पाठवलं, नलूकाकूंचं नाव घालून. संध्याकाळी फाटकाने सत्त्याहत्तर दाखवले. दुसरा नकार.

गुरुवारी दुपारी तीनच्या आधी ती डॉ. इनामदारांना घेऊन पाळणाघरात धडकली. नलूकाकूंना कार्यालयाचा फोन येऊन गेला होता. त्या दारातच उभ्या होत्या, पदर खोचून, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"रोज तीन वाजता खोलीत कोण असतं?" ऋजुताने विचारलं.

"कोणी नसतं. मी बाहेर मोठ्या पोरांना खाऊ देत असते."

"मग रेवाजवळ कोण जातं?"

"तुम्हीच की," नलूकाकू म्हणाल्या. "या, दाखवते."

झोपायच्या खोलीत पडदे ओढलेले होते. रेवाच्या पाळण्याच्या कडेला लिंबाएवढी पांढरी डबी होती. तिचा आवाज त्याच पाळण्यापुरता ऐकू येत असे, म्हणून ऋजुताला पार खाली वाकावं लागलं.

"आले बरं माझी राणी. इथेच आहे मी. कुठ्ठे जात नाहीये."

आवाज तिचा होता. ती मात्र असं कधी बोलली नव्हती.

ही डबी म्हणजे आईसूर, आईच्या आवाजात बोलून मुलाला शांत करणारं यंत्र. संमतीपत्रावर ऋजुताचीच सही होती. बाळंतपणाच्या रजेत घरी रेकॉर्ड केलेलं अर्ध्या तासाचं बोलणं तिनेच दिलं होतं, आणि सही करण्याआधी आठ दिवस त्या डबीची उलटतपासणी घेतली होती. आवाज इमारतीबाहेर जातो का, कोणी उचलू शकतं का, कुठे साठवला जातो. सगळी उत्तरं समाधानकारक होती. ती डबी रेवाला काय बोलणार हे तिने विचारलंच नव्हतं.

डबी शिकणारी होती. रेवा कशाने शांत होते ते ऐकून ती दर आठवड्याला स्वतःला थोडी बदलत असे. वेग किंचित कमी, सूर किंचित खाली. रेवाने तोंड वाकडं केलं की अर्ध्या सेकंदात उत्तर. डबीला कधी फोन येत नव्हता, तिचं दूध उतू जात नव्हतं, आणि "थांब गं जरा" हे शब्द तिच्या संग्रहातून कधीच गळून गेले होते, कारण त्यांनी रेवाचे ठोके वाढत. दहा महिन्यांत अर्ध्या तासाच्या बोलण्यातून एक नवीच बाई तयार झाली होती.

इनामदारांनी पाळण्याशी वाकून डबी ऐकली. मग खोलीबाहेर येऊन म्हणाले, "तुझ्या कुलपात दोष नाही. ते बरोबर ओळखतंय."

"म्हणजे ही डबी घेऊन कोणीही बाकावर बसलं तर..."

"शंभर येतील."

प्रतिमांना रोखण्यासाठी तिने किल्ली मुलाच्या अंगात ठेवली होती, आणि मुलाने प्रतिमेलाच आई मानलं होतं. तीन हजारांपैकी निम्म्याहून जास्त पाळणाघरांत आईसूर होता. बाकीच्या आया अजून ऐंशीच्या वर होत्या, एवढंच. पंच्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी. प्रत्येकीचा आकडा महिन्यागणिक उतरत होता आणि ऐंशीखाली येईपर्यंत कुलूप त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. तसं कुलूप तिनेच बनवलं होतं.

फाटकापाशी जायची आता तिला भीती वाटत होती. तिसरा नकार आला की रेवा तिच्याही ताब्यात मिळणार नव्हती. तिने बाकावर न जाता, आतच, रेवाला मांडीवर घेऊन डबीसारखं बोलून बघितलं. सावकाश, खालच्या पट्टीत. "आले बरं माझी राणी." इनामदारांच्या हातातल्या, वाळ्याचं माप दाखवणाऱ्या पाटीवर आकडा एकोणऐंशीपर्यंत गेला आणि परत खाली आला.

"रेवाची आई," नलूकाकू दारातून म्हणाल्या, "तुमचीच नक्कल करताय तुम्ही. आणि जमत नाहीये."

त्यात टोमणा होता आणि तो तिला मिळायलाच हवा होता. तिने पत्राबद्दल माफी मागितली. पत्र तिने तिथूनच मागे घेतलं. नलूकाकूंनी मान हलवली, पण त्यानंतर त्यांनी तिची थट्टा कधी केली नाही. जे बोलायचं ते वहीत लिहून द्यायला लागल्या.

ती रात्र ऋजुताने बाकावर न बसता, रेवाजवळ पाळणाघरातच काढली. शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत बैठक झाली. सुरक्षेचा प्रश्न सरळ होता. भरवसा चोरता येईल असं साधन फाटकाच्या आत ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दाराला अडकवणं. इनामदारांनी एकदाच विचारलं, हळूहळू कमी करत नेता येईल का. ऋजुता म्हणाली की उघडी चोरवाट हळूहळू बंद करत नाहीत. आठ वर्षांच्या कामाने तिला तेच शिकवलं होतं. दुपारी बारा वाजता तिच्या सहीने सगळ्या पाळणाघरांतले आईसूर एकदम पुसले गेले. माप नव्याने बसायला आठवडा लागणार होता. तोवर कुलूप थांबवून पोलिसांच्या सहीने मुलं द्यायची असं ठरलं. ऋजुताने रजा टाकली आणि ती रेवाजवळ पाळणाघरात जाऊन बसली.

तीन वाजले. पडदे ओढलेले. रेवा पाळण्यात हुंकारली आणि वाट बघत राहिली. अर्धा सेकंद, एक, दोन. मग तिने डबीकडे मान वळवली.

ऋजुताने तिला उचललं. रेवा आधी कुरकुरली, मग रडली, मग असं रडायला लागली की मदतनीस हातातलं काम टाकून धावत आली. आजूबाजूच्या पाळण्यांतूनही रडणं सुरू झालं. नलूकाकू एकीला खांद्यावर टाकून दुसऱ्याला थोपटत होत्या. ऋजुता बोलत होती, गात होती, फेऱ्या मारत होती. रेवा तिच्या खांद्यावरून पाळण्याकडे हात पसरत होती.

इनामदारांचा फोन आला. ते प्रयोगशाळेत वाळ्यांच्या नोंदी बघत होते. बऱ्याच गावांच्या. एवढ्या कल्लोळात त्यांचं बोलणं ऐकायला तिला एक कान दाबून धरावा लागला.

"रेवाला ताप वगैरे नाही ना?" तिने विचारलं. "ठोके बघा ना. असं कधी रडत नाही ती. काय होतंय तिला?"

पलीकडून कळा दाबल्याचा टकटकाट तेवढा येत होता.

"सर?"

"ठोक्यांचा आणि श्वासाचा हा ठसा मी ओळखतो, ऋजुता. पीएच.डी.ला दोन वर्षं याच्यावर काम केलंय, अनाथालयात. ज्या मुलांची आई नुकतीच वारलेली असते, त्यांचा असतो हा."

रेवाचं रडून रडून घामेजलेलं डोकं तिच्या गळ्याशी होतं. ती आपल्याला आईला धरावं तशी गच्च धरून होती की सुटायला धडपडत होती, ते ऋजुताला कळेना.

"किती दिवस राहतो?"

"दुसऱ्या कोणाची सवय होईपर्यंत," इनामदार म्हणाले.

तिने फोन ठेवला. भिंतीशी टेकून खाली बसली, रेवाला समोर धरलं, आणि नव्या बाईने पहिल्या दिवशी ओळख करून द्यावी तशा, जपून, आपल्या नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "रेवा, मी आई."

रेवाने क्षणभर तिच्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा आईसाठी रडायला लागली.