येतो, पाटील

बस खाली, ओजस. 'काका, येतो' म्हणालास आणि नव्या धनुष्याची पेटी खांद्याला लावलीस, म्हणून थांबवतोय. अनुष्का, तूही बस. भाऊ शिकारीला निघालाय, तर बहिणीनं ऐकलेलं बरं. आणि तो फोन उलटा ठेव.

आपला प्रताप होता ना, नागपूरचा? इथे नेपरव्हिलला माझ्या शेजारी राहते ती रत्ना, तिचा धाकटा भाऊ. त्याची ही गोष्ट. २०२४ची भाऊबीज, तीन नोव्हेंबर, रविवार. इकडे हिवाळ्याआधी करतात तशी त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती. दुपारी रत्नानं त्याला विड्याची पानं आणायला पाठवलं. एवढंच काम. पण पठ्ठ्याच्या गाडीत धनुष्य कायम पडलेलं. पानं घेतली आणि म्हणाला, अजून वेळ आहे, जरा यॉर्कव्हिलच्या शेताकडे डोकावून येऊ.

तिथे एका शेतकऱ्यानं त्याला मचाण बांधू दिलं होतं. तीन वर्षं तो एकाच म्हाताऱ्या बकच्या मागे होता. बक म्हणजे नर हरीण. जाड मान, डावं शिंग मोडकं, आणि चाल अशी की सगळं शेत त्याच्याच बापाचं. म्हणून प्रताप त्याला पाटील म्हणायचा. झाडाला कॅमेरा लावलेला, समोर काही हललं की तो फोटो काढून थेट फोनवर पाठवायचा. "बघा काका, पाटील आले!" स्वतःच्या लग्नाचे फोटो एवढ्या कौतुकानं दाखवले नाहीत त्यानं.

त्या संध्याकाळी पाटील खरंच आले. पण अंधारही आला, तासभर लवकर. हे गाढव घड्याळाचं विसरलंच होतं. घाईघाईत बाण सोडला. छातीत लागायचा तो पोटात लागला.

पोटात बाण लागलेलं हरीण लगेच मरत नाही, ओजस. तासन् तास तळमळतं. म्हणून शिकाऱ्यानं थांबायचं असतं, आणि मग कितीही रात्र होवो, शोधून त्याला त्या यातनांतून सोडवायचं असतं. पाटील लांब गेलेच नव्हते. झुडपात बसले होते. मान वर, नजर प्रतापवर. तेवढ्यात रत्नाचा फोन. "अरे, निरांजन लावून बसलेय. कुठे आहेस?"

प्रताप मचाणावरून उतरला. आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं... "येतो, पाटील."

आणि आला तो थेट बहिणीकडे. मीही जेवायला होतो. रत्नानं दार उघडलं. "आलास?" कुंकवाचा उभा टिळा लावला, वर अक्षता, ओवाळलं. तुम्हा मुलांना भाऊबीज म्हणजे गिफ्ट कार्ड! अरे, ही यमद्वितीया. तो टिळा लावून बहीण यमाकडून भावाचं आयुष्य मागून घेते.

जेवताना त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. हसत हसत. "आता कोण परत जातंय, काका? उद्या सकाळी मीटिंग आहे. खातील कोल्हे." संतापून मी ताट पुढे सरकवलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोटो. पाटील झुडपात, मान वर, कॅमेऱ्याकडे बघतायत. थोड्या वेळानं आणखी एक. पाटील उभे. पोटात बाण. मग तिसरा. त्यात नुसते डोळे.

प्रतापचं हसू गेलं. त्यानं हात धुतले. विडा तसाच राहिला. "मी येतो म्हणालो होतो," एवढंच बोलला आणि गेला.

बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला. रत्ना ताटं उचलत होती.

"काका, तो इथे नाहीये. गवत दबलंय नुसतं... गरम आहे."

"परत ये, प्रताप."

"थांबा..."

वारा. मग श्वास. जड. त्याचा नव्हे.

मग फोनमधून रत्नाचा आवाज आला.

"आलास?"

रत्ना माझ्यासमोर उभी होती. ओठ मिटलेले. हातात ताटं.

"...ताई?"

मग काही नाही.

आम्ही गाडी काढली. शेतकऱ्याला उठवलं. टॉर्च घेऊन शिरलो. प्रताप त्याच दबलेल्या गवतात बसला होता. मान वर. डोळे उघडे. थंड पडलेला. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट. म्हणोत बापडे. रत्ना मात्र त्याच्या कपाळाकडे बघत होती. टिळा नव्हता. पुसलेला नव्हता रे... कपाळ ओलं होतं. चाटल्यासारखं.

 

त्याच्या मुठीतला फोन वाजला.

फोटो. रात्रीचा, म्हणून काळापांढरा. पाटील. डावं शिंग मोडकं. पोटात बाण नाही, जखम नाही. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेले. कपाळावर एक उभी, गडद रेघ...

आणि तिच्यावर चिकटलेले दोन पांढरे दाणे. तांदळाचे.