राख चोळलेलं बी

भैरणागडाच्या माचीवर उजाडले तेव्हा नदीपलीकडच्या मोगलाईतल्या चौक्यांचा धूर सरळ वर चढत होता, आणि अलीकडे, गनिमाने जाळलेल्या निंबोऱ्याची कुळे गडाच्या दरवाजाबाहेर बैल धरून उभी होती. गावी परतून जमीन कसावी, बी-बैल सरकार देईल, असा त्यांना कौल मिळाला होता.

बैल मिळाले. बी मात्र वेढ्यात शिबंदीने खाऊन टाकले होते. उरली होती ती पेवात, जमिनीखाली दोन पावसाळे कोंडलेली ज्वारी. ती भाकरीला चालते, उगवत नाही.

"राख चोळा," किल्लेदार हैबतराव म्हणाले. बियाण्याला राख लावून ठेवायची ही कुणब्यांची रीतच; तिने पेवाचा आंबूस वासही दबला असता.

"रावसाहेब, हे उगवायचं नाही." कोठीचा हवालदार दमाजी कोकरे स्वतः कुणब्याचा होता.

"सरहद्दीची पाहणी तोंडावर आली आहे. शिवार पडीक दिसले तर ते पलीकडे मोगलाईत गेले म्हणून समजा. आम्हांस पेरलेली जमीन दाखवायची आहे, हवालदार. पीक नव्हे."

दरवाजात गोजाऊ पाटलिणीने ओंजळ नाकाशी नेली. तिचा नवरा गाव राखताना पडला होता.

"एवढी राख? बी देताय का भांडी घासायला सांगताय?" मागच्या बाया हसल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पेवातलं नाही ना रे दमाजी? तू आमच्या शेजारगावचा. तू म्हणशील ते खरं."

हैबतराव पाहत होते.

"कोरड्या कणगीतलंच आहे, पाटलीणबाई."

पेरणी चालू असता पलीकडून बंदुका झडल्या. माणसे पळू लागली, तेव्हा गोजाऊने स्वतः पेरणीची पाभर धरली आणि बांधापर्यंत तास पुरा केला. तिच्याकडे पाहून बाकीचे परतले. पाहणीवाले आले, पेरलेले शिवार पाहून त्यांनी हद्दीचे दगड नदीकाठी रोवले. हैबतरावांस मानाची वस्त्रे मिळाली, दमाजीस चांदीचे कडे.

कार्तिकात दमाजी निंबोऱ्यास गेला. नदीपलीकडे शाळू गुडघ्याला लागला होता. इथे काळी जमीन उघडी पडली होती.

"सरकारनं शब्द पाळला," गोजाऊ खाली पाहत म्हणाली. "माझाच हात चुकला. गोळ्या येत होत्या, घाईत पाभर खोल गेली, माझं बघून सगळ्यांचीच. होय ना?"

"खोलच गेली असेल," दमाजी म्हणाला.