एकसष्ट सेकंदांनंतरचा ठिपका

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्याला पटणार नाही, त्याने खुशाल सोडून द्यावं. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. आणि शेवटचा भाग तर आमच्याच घराच्या खिडकीत घडला, माझ्यासमोर.

काळोखी रात्र वगैरे यात काही नाही. भर दुपार होती. तीन वाजून दहा मिनिटं.

ताई विमानांच्या शर्यतीत वेळ मोजते. शर्यत म्हटलं की लोकांना वाटतं, सात विमानं शेजारी शेजारी उभी असतील आणि कोणीतरी झेंडा दाखवत असेल. तसं काही नसतं. प्रत्येक वैमानिक आपापल्या धावपट्टीवरून एकटाच उडतो. एक आज, एक उद्या, एक तिकडे दुसऱ्या टोकाला. ज्यांतून विमान न्यायचं ती आकाशातली दारंसुद्धा खरी नसतात, ती फक्त संगणकाच्या नकाशावर असतात. वैमानिकाच्या जाकिटात काडेपेटीएवढी एक डबी असते आणि ती सेकंदासेकंदाला त्याची जागा कळवत राहते.

दोनशे किलोमीटरवर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ताई पडद्यासमोर बसलेली असते. तिला दिसतो फक्त एक ठिपका.

नंतर ती सातही ठिपके एकत्र जोडते. मग बघणारे म्हणतात, काय चुरस आहे! सगळे एकटे उडालेले असतात आणि मोजणारीही एकटीच असते, हे कोणाच्या गावीही नसतं.

तिचा धाकटा भाऊही याच शर्यतीत होता. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी पडलं. त्याची वेळ होती एकसष्ट सेकंद आणि चार दशांश. ती अजून कोणी मोडलेली नाही.

त्या दिवशी दुपारी तीन दहाला त्याची वेळ ताईनेच मोजली होती.

नियम असा की विमान जमिनीवर उतरेपर्यंत नोंद चालू ठेवायची. पण नियम कोण पाळतो? डबीची बॅटरी लवकर संपते आणि उतरेपर्यंत बसून राहायचा कंटाळा येतो. म्हणून शेवटच्या दारातून ठिपका गेला की सगळेच मोजणारे लांबूनच बटण दाबून डबी बंद करायचे. ताईनेही दाबलं. स्वतःशीच हसली, कारण पहिला नंबर घरातच आला होता. मग ती चहा आणायला गेली.

भिंगरीचं विमान परतताना गवतात कोसळलं.

पन्नास मिनिटं कोणालाच पत्ता नव्हता. तो सापडला विमानापासून चाळीस मीटरवर. अहवालात लिहिलं, धडकेने बाहेर फेकला गेला असावा, मृत्यू तत्काळ.

"त्याला काही कळलंच नसेल गं," माझी आई ताईला रोज फोनवर सांगायची. ताई त्या एका वाक्यावर जगत होती. बटण चालू असतं तरी काही फरक पडला नसता, असं ती स्वतःला बजावायची.

वर्ष गेलं. यंदाच्या ठिपक्यांशी तुलना करायला ताईने भिंगरीची जुनी नोंद उघडली. ठिपका निघाला. एक दार... दुसरं... शेवटचं. एकसष्ट सेकंद, चार दशांश.

आता तो थांबायला हवा होता.

ठिपका थांबला नाही.

आठ सेकंद तो पुढे गेला... मग पडदा स्थिर झाला.

ताईला वाटलं, यंत्राचा गोंधळ असेल. तिने शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला बोलावलं. त्याच्यासमोर पुन्हा लावलं, तर नोंद बरोब्बर एकसष्ट सेकंद चार दशांशांवर संपली. तो भला माणूस. त्याने तिला चार दिवस रजा घ्यायचा सल्ला दिला आणि स्वतःचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला तिने एकटीनेच नोंद उघडली. ठिपका आता धावपट्टीकडे वळला होता.

तिसऱ्या दिवशी उंचीचा आकडा भराभर उतरू लागला. दोनशे... नव्वद... शून्य.

 ताईची नजर हलेना. ठिपका गवताच्या मधोमध पडून होता. एक मिनिट. पाच मिनिटं. अकरा.

संपलं, असं म्हणून तिने डोळे पुसले.

आणि ठिपका हलला.

अगदी सावकाश. मुंगीसुद्धा पुढे जाईल इतका. एक मीटर... थांबला. दोन मीटर... थांबला. डबी त्याच्या जाकिटात होती. म्हणजे हलत होतं ते विमान नव्हतं, तोच हलत होता. फेकला वगैरे गेलाच नव्हता तो. सरपटत होता.

चाळीस मीटरला त्याला एकतीस मिनिटं लागली.

तेवढा वेळ ताई हुंदके देत तिथेच बसून राहिली. "आले रे, आले," असं पडद्याला सांगत राहिली. वर्षापूर्वी याच एकतीस मिनिटांत ती चहा पीत होती. गाडी पाठवायला तिला एक फोन पुरला असता.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आई नेहमीचंच वाक्य म्हणायला गेली, तर ताईने मधेच तोडलं.

"मावशी, ते आता नको बोलूस."

पुढच्या दुपारी ती पडद्यासमोर गेली ती फक्त त्याच्याजवळ बसायला. जिथे तो सापडला होता, तिथे ठिपका पडलेला. पन्नासावं मिनिट आलं. याच मिनिटाला लोक पोचले होते आणि त्याला उचलून नेलं होतं.

ठिपका एकदम पुढे सरकला.

सरपटत नाही... चालत.

गवत संपलं. कुंपण आलं. ठिपका कुंपणातून आरपार गेला आणि मोठ्या रस्त्याला लागला. पडद्याच्या कोपऱ्यात नोंदीची जुनी तारीख असते. तिथे आता आजची तारीख होती.

ती मोडकी डबी ताईच्या कपाटात होती. बॅटरी काढून ठेवलेली. ताईने घरी जाऊन दोनदा बघितलं.

तो रस्ता ताईच्या शहराकडे येतो.

मग रोज तीन दहाला ठिपका दिसायचा. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर पुढे आलेला. कुठेतरी पुलाच्या कडेला, कुठे पेट्रोल पंपापाशी उभा. ताई घाबरली असेल असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. वर्षभरात ती पहिल्यांदा पोटभर जेवायला लागली. त्याची खोली झाडून घेतली. मी तिला म्हटलं, ताई, तो संगणक बंद कर, डोक्याला ताप नको.

"एकदा बंद केलं होतं मी," ती म्हणाली.



अकराव्या दिवशी तिचा आईला फोन आला. आमचं घर त्याच रस्त्यावर आहे, अर्ध्या वाटेवर.

"मावशी, उद्या तीन दहाला तो तुझ्या घरावरून जाईल. त्याला थांबवू नकोस. फक्त बघ, त्याला फार लागलंय का."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी खिडकीत उभे. फोन चालू, आवाज मोठा केलेला. पलीकडे ताई पडद्यासमोर.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन नुसतं रणरणत होतं.

"कोपऱ्यावर आला," ताई म्हणाली.

कोपरा मोकळा होता.

"दुकान ओलांडलं... आता तुझ्या घरासमोर आहे. दिसला का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिथे कोणीच नव्हतं. पण त्या पोरीचा आवाज ऐकून आईचा जीव कळवळला. वर्षभर ती जे करत आली, तेच तिने आताही केलं.

"हो गं. दिसला," आई म्हणाली. "अगदी नीट चालतोय. काही लागलेलं नाही त्याला."

 

मग ताई म्हणाली, "मावशी... तो वळला."

"कुठे?"

"तुझ्या फाटकाकडे."

आमचं फाटक बंद होतं. ते हललं नाही. कडी वाजली नाही. पण झाडावरचे पक्षी एकदम गप्प झाले आणि आईने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"फाटकापाशी उभा आहे," ताई म्हणाली. "तुमच्याकडे बघतोय वाटतं."

त्या दिवसापासून ठिपका पुढे गेलेला नाही. आज चार महिने झाले. रोज तीन दहाला तो आमच्या फाटकापाशी असतो. शेवटी आईने ताईजवळ रडत कबूल केलं की मला काहीच दिसलं नव्हतं, तुझं समाधान व्हावं म्हणून बोलले.

ताई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, तो घरी यायला निघालाच नव्हता," ती म्हणाली. "कोणाला तरी दिसावं, एवढ्यासाठी चालत होता. आणि तू म्हणालीस, दिसला."

आई आता दुपारी झोपत नाही. खुर्ची घेऊन फाटकाकडे तोंड करून बसते. समोर कोणीच नसतं. पण ती बोलत असते... हवापाण्याचं, भाजीचं, ताईचं. मी विचारलं तर म्हणते, कोणी तरी बघायला नको का त्याच्याकडे?

मी मागच्या दाराने ये-जा करतो.