हात वर ठेवा, आई

मशीनवर मोडलेली सुई.

कुणाच्या अध्यात ना मध्यात, तरी दिवसभर बोलणी खाणारा एक फ्रिज.

दूरच्या एका मैदानावर चुन्याने आखलेल्या ताज्या रेषा.

लोटून घेतलेलं दार, आत धडपड, कंगवा पडल्याचा आवाज आणि मग... वर्षभरात पहिल्यांदाच सुनेला मारलेली हाक!

"अगं... अगं, काढ मला यातून!"

पण त्याआधीची दुपार सांगायला हवी.

वर्षापूर्वी नणंद घर सोडून खेळाडूंच्या वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा तिला तिथवर पोचवायला गेली ती वहिनी. "मुलगी तोडलीस माझी!" एवढं म्हणून सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. पुढे जे सांगायचं ते फ्रिजला. "फ्रिजबुवा, म्हणावं दूध उतू जातंय." मुलगा हसायचा. सून हसली नाही, आणि अपराध्यासारखी मानही तिने कधी खाली घातली नाही. पण जिला आई मानलं तिचा एक शब्द वाट्याला न येता मावळलेला प्रत्येक दिवस तिच्या अंतःकरणात काट्यासारखा रुतून राहिला होता...!

धाकट्या नणंदेचा बांधा थेट आईचा, भरलेला. "खांदे पुढे घे, पळू नकोस, लोक बघतात," हे ऐकतच ती वाढली. दुकानातले टॉप एक तर तिचा श्वास अडवत, नाहीतर धावताना साथ सोडत. म्हणून जन्मभर ब्लाउज शिवलेल्या वहिनीने हे ताणाचं कापड हाती घेतलं. आतच ब्रा बसवलेला टॉप : जाळीचा दुहेरी थर, छातीखाली रुंद इलॅस्टिक, पाठीवर मधोमध जुळणाऱ्या पट्ट्या. कापड सुईखालून माशासारखं निसटायचं, धागा तुटायचा, सुई मोडायची. उद्या निवडीची शर्यत, संध्याकाळच्या बसने टॉप जायला हवा... आणि घालून बघायला त्या मापाची बाई घरात एकच!

सुनेने टॉप टेबलावर ठेवला आणि ती फ्रिजकडे वळली.

"फ्रिजबुवा, यांना म्हणावं, हा जरा घालून बघा."

"असले अंगाला चिकटणारे कपडे!" सासूबाईही फ्रिजलाच म्हणाल्या. "लोक काय बघतील म्हणावं?"

"लोक घड्याळ बघतील म्हणावं! आणि हेही सांगा, गेल्या शर्यतीत यांच्या मुलीने छाती बँडेजने आवळून बांधली होती. निम्म्यात श्वास कोंडला, तोंडावर पडली. आईला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली तिने. मोडली मी शपथ! हा टॉप पोचला नाही तर उद्या ती पुन्हा बांधेल, पण धावेल. ती धावणारच! आणि मी शिवणारच, कुणी माझ्याशी बोलो न बोलो!"

फ्रिज घुमत राहिला. सासूबाईंनी टॉप उचलला, आत गेल्या, दार लोटलं.

आणि मग ती हाक.

सून धावत आत गेली. सासूबाई खोलीच्या मधोमध, दोन्ही हात वर, डोकं कापडात गुडुप, टॉप खांद्यांवर अडकून बसलेला... शरण आलेल्या शिपायासारख्या! सुनेला हसू आवरेना. कापडही हलायला लागलं. तिला वाटलं, त्याही हसताहेत.

त्या रडत होत्या.

"मला माझ्या आईने पोक काढून चालायला शिकवलं," आतून आवाज आला. "मी हिला तेच दिलं गं. दुसरं माझ्याजवळ होतंच काय...? पडली तेव्हा लागलं का तिला?"

"गुडघे फुटले."

"आणि मी तुला बोल लावत बसले! तू होतीस म्हणून पोरीला रडायला कुणीतरी होतं... चुकलं माझं!"

सुनेचे डोळे भरून आले. पण आवाज तिने मऊ पडू दिला नाही.

"चुकलंच तुमचं. हात वर ठेवा, आई. कापते मी."

तिने टॉपच्या बाजूच्या शिवणीत कात्री घातली, आणि तिथेच थबकली. कापड उभं ताणलं जात होतं, आडवं मुळीच नाही! ताण अंगाभोवती यायला हवा. ब्लाउजच्या सवयीने तिने कापड नेमकं उलटं मांडलं होतं.

"अहो, माझंही चुकलं की!"

"फिटंफाट झाली मग," कापडातून मोकळ्या झालेल्या सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "बस मशीनवर. स्वयंपाकाचं मी बघते."

दुसरा टॉप खांद्यांवरून सरसर उतरला. सासूबाई आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि कित्येक वर्षं पुढे झुकलेले ते खांदे हळूहळू मागे गेले. त्यांनी एक उडी मारली. थांबल्या. दुसरी मारली.

"हललंच नाही गं!"

"आई, खाली घरमालक राहतात."

"राहू देत!" आणि तिसरी, सगळ्यांत उंच.

टॉप घेऊन मुलगा जाणार होता. "मीच नेते," सासूबाई म्हणाल्या. "ती तोंडावर दार लावेल. लावू दे. मी बाहेर उभी राहीन... ताठ उभी राहीन!"

दुसऱ्या दिवशी फोन आला. धाकटी हुंदके देत हसत होती. "वहिनी, निवड झाली! पण आईला आवर गं. मैदानाच्या कडेने माझ्याबरोबर पळत होती... लोक घड्याळ सोडून तिलाच बघत होते!"

सुनेने फोन कानाशी तसाच धरून डोळे पुसले. एक टॉप कात्रीखाली गेला, एक धावून आला; समोर आता एका टॉपापुरतंच कापड उरलं होतं. त्यावर तिने खडूने सासूबाईंचं माप आखायला घेतलं, ताण आडवा ठेवून.

कापड आणलं त्या दिवशी दुकानदाराने विचारलं होतं, किती जणींचं? "तिघींचं," ती म्हणाली होती. "नणंदेचं, सासूबाईंचं आणि माझं."